सबनीस डॉक्टरांचं घुबड

सबनीस डॉक्टर जगातली प्रत्येक वस्तू कडेनं धरतात. चहाबरोबर बिस्किट पुढे केलं, तर ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, फक्त कडांना स्पर्श होईल असं उचलतात, खिडकीकडे धरून दोन्ही बाजू बघतात आणि मगच खातात. पापड तसाच, पुरी तशीच, बसचा पास तसाच. एकदा होळीला आमच्याकडे जेवायला आले असताना पुरणपोळीही त्यांनी अशीच उचलली. पोळी मधोमध फाटली आणि सगळं पुरण त्यांच्या पँटवर आलं. आम्ही फडकी घेऊन धावलो. डॉक्टर हातात उरलेली कड जराही न हलवता म्हणाले, "पण कडेला काही झालेलं नाही, बघ."

ही सवय नाण्यांमुळे लागलेली. डॉक्टरांकडे जुन्या नाण्यांचा संग्रह आहे आणि "कडेनं धरा!" हे त्यांचं पालुपद आहे. त्यांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं. गॅस मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी एक नाणं दाखवलं होतं, आणि त्यालाही ते इंग्रजीत ऐकावं लागलं.

लंडनच्या स्टॅनमोर भागात त्यांची आणि आमची भिंत एक. मी इथल्या कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते. डॉक्टर आयुष्यभर हॉस्पिटलात भूल देत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी औषधं सोडली, पण काम सोडलं नाही, असं माझा नवरा प्रशांत म्हणतो. रविवारी जेवणानंतर डॉक्टरांनी नाण्यांचा विषय काढला, की पाच मिनिटांत प्रशांतची मान सोफ्यावर कलंडते. डॉक्टर बोलता बोलता थांबतात, त्याचा श्वास नीट चाललाय ना ते बघतात आणि मग माझ्याकडे वळून पुढचं वाक्य सुरू करतात.

मी पहिल्यांदा तो संग्रह पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर माझी निराशा झाली होती. मखमलीच्या ट्रेमध्ये ओळीनं काळपट, करड्या, मळकट चकत्या. मी भाबडेपणानं म्हटलं, "डॉक्टर, जरा फडक्यानं पुसली तर काय छान दिसतील हो!"

डॉक्टरांनी ट्रे पोटाशी ओढला. ऑपरेशन चालू असताना पेशंट मध्येच उठून बसल्यावर होत असेल, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पुसायची? अगं वर्षा, ही काळाची साय आहे. शेकडो वर्षं हवा लागून लागून ही धरते. ही एकदा गेली की गेली. नाणं घासणारा माणूस आणि पुस्तकाची पानं फाडणारा माणूस, माझ्या लेखी एकच. तू लायब्ररीत आहेस, तुला कळायला पाहिजे."

तेव्हापासून मी त्यांच्या घरी कशालाच हात लावत नाही. फार तर कडेला.

संग्रहात सगळ्यांत लाडकं नाणं म्हणजे घुबड. अथेन्सचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं, आपल्या एका पौंडाच्या नाण्याएवढंच, पण दुप्पट जाड आणि कडेनं वेडंवाकडं. एका बाजूला देवी अथीना. डोक्यावर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणावर ऑलिव्हची पानं. चेहरा बाजूनं दिसतो, डोळा मात्र समोरून काढल्यासारखा टपोरा. मागच्या बाजूला घुबड. त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्राची एवढीशी कोर. बाजूला तीन अक्षरं. त्यांचा अर्थ, हे नाणं अथेन्सवाल्यांचं. घुबडाच्या अंगावर छिन्नीचा एक खोल घावही आहे. त्या काळी परदेशातल्या व्यापाऱ्यांना चांदीवर भरवसा नसला, की ते नाण्यावर असा घाव घालून आत तांबं तर नाही ना, हे बघत.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण डॉक्टरांनी ते मला दर महिन्याला एकदा तरी सांगितलं आहे. "हे बघ," असं म्हणून ते खिशातलं एक पौंडाचं नाणं काढतात आणि घुबडाच्या शेजारी ठेवतात. "आपल्या खिशात राजा आहे. त्यांच्या खिशात देवी होती. का? तर आमच्या गावाचा कुणी एक माणूस मालक नाही, हे सांगायचं होतं त्यांना. शहाणपणाची देवी, युद्धाचीही तीच. म्हणजे आपली सरस्वती आणि दुर्गा एकत्र. ऑलिव्हचं झाड तिनंच गावाला दिलं. आणि घुबड कशाला? तर अंधारातही त्याला दिसतं म्हणून."

"आणि चंद्राची कोर?"

"मतभेद आहेत," डॉक्टर समाधानानं म्हणतात. कुणी म्हणतं ती एका लढाईची आठवण, कुणी म्हणतं घुबड रात्रीचं म्हणून चंद्र. 'मतभेद आहेत' हे शब्द डॉक्टर ज्या चवीनं उच्चारतात, त्या चवीनं दुसरं कुणी 'आम्रखंड आहे' म्हणत असेल.

मग राजकारण येतं. अथेन्सकडे चांदीच्या खाणी, खाणीत राबणारे गुलाम, त्या चांदीतून बांधलेली जहाजं. मग जहाजांच्या जोरावर मित्र-शहरांना हुकूम, की तुमची नाणी बंद करा, आमचंच घुबड वापरा. "म्हणजे दादागिरीच की हो," मी एकदा म्हटलं. डॉक्टर खूष झाले. "देवीला पुढे करून केलेली दादागिरी! वरून शहाणपणाची देवी, खालून आमची चांदी, आमचा नियम. आणि गंमत म्हणजे, गावातले मूर्तिकार पुढे कलेत कुठल्या कुठे गेले, पण नाण्यावरची देवी तशीच जुन्या वळणाची ठेवली. बदलली असती, तर लांबच्या बाजारात कुणी ओळखलंच नसतं. लोकांना ओळखीचा चेहरा लागतो."

हाच मुद्दा ते स्वतःच्या तपकिरी ब्लेझरच्या बाजूनंही मांडतात. तो ब्लेझर कोपरांवर विरलाय. त्यांची मुलगी मेघना ग्लासगोला डॉक्टर आहे. ती दर वाढदिवसाला नवा ब्लेझर पाठवते आणि डॉक्टर तो कपाटात कडेनं टांगून ठेवतात.

घुबड या घरात आलं त्याला कारण कुंदाताई, डॉक्टरांची बायको. कुंदाताईंना जाऊन आता तीन वर्षं होतील. त्या सांगलीच्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, मनात आलं ते बोलून मोकळ्या होणाऱ्या. लग्न होऊन इथं आल्यावर पहिल्याच दिवाळीत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की लक्ष्मीपूजनाला चांदीचं लक्ष्मीचं नाणं पाहिजे, माझं तिकडे राहिलं. तेव्हा इथं असली नाणी कुठून मिळणार? डॉक्टर एका जुन्या नाण्यांच्या दुकानात शिरले आणि अथीनाला घेऊन आले. तिथून त्यांना हे वेड लागलं. "देवी आहे, चांदी आहे, अजून काय पाहिजे?" असं त्यांनी बायकोला विचारलं म्हणे. कुंदाताईंनी नाणं उलटलं आणि किंचाळल्या.

"अहो, घुबड! ऐन दिवाळीत घरात घुबड आणलंत?"

आपल्याकडे घुबड छपरावर बसलं तरी माणसं धास्तावतात. डॉक्टरांनी लाख समजावलं, की घुबड लक्ष्मीचं वाहन आहे, बंगाल्यांना विचार. कुंदाताई म्हणाल्या, बंगाल्यांचं बंगाल्यांपाशी. शेवटी तोडगा निघाला. नाणं ताम्हनात ठेवायचं, पण देवी वर आणि घुबड खाली. डॉक्टर दर वर्षी पूजेच्या वेळी हळूच नाणं उलटून घुबड वर करायचे, म्हणायचे, "त्यालाही जरा उजेड बघू दे." आणि कुंदाताई मंत्र न थांबवता ते पुन्हा पालथं घालायच्या. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही दोघं दर लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडेच असायचो. इथं केरसुणी मिळत नाही म्हणून कुंदाताई व्हॅक्यूम क्लीनरला हळदकुंकू वाहायच्या आणि प्रशांतला त्याच्या पाया पडायला लावायच्या.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. ट्रेमधली बाकी सगळी नाणी काळी-करडी, आणि हे एकटं घुबड लख्ख. नुसतं लख्ख नाही, गुळगुळीत. त्याच्या छातीवरचे ठिपके डोळ्यांना दिसायचेसुद्धा नाहीत. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, ह्याच्यावर साय कशी नाही धरली?" डॉक्टर ट्रे बंद करत म्हणाले, "ते वेगळं आहे." मतभेद आहेत, असंही म्हणाले नाहीत.

आणखी एक छोटं कोडं होतं. मी पुण्याला निघाले, की कुंदाताई मला न चुकता एक वस्तू आणायला सांगायच्या. पांढऱ्या टूथ पावडरचा डबा. त्या गेल्यावर डॉक्टर सांगायला लागले. "वर्षा, तेवढा टूथ पावडरचा डबा आणशील ना? पांढरीच. लाल नको." आता डॉक्टरांचे दात सगळे कवळीचे. रात्री ती ग्लासात ठेवतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मग पावडर कशाला? प्रशांत म्हणाला, कवळीला पॉलिश करत असतील. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो आणि डबा आणत राहिलो.

गेल्या वर्षी आमच्या लायब्ररीनं ठरवलं, की दिवाळीच्या सुमारास इथल्या कॉइन क्लबला काचेचं कपाट द्यायचं आणि जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं. क्लब म्हणजे सात-आठ पेन्शनर, आणि त्यांचे अध्यक्ष मिस्टर हॉलिस. हे भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. उंच, हळू बोलणारे, आणि कितीही भयंकर गोष्ट घडली तरी "ओह डियर" याच्या पलीकडे न जाणारे. त्यांच्याकडे ग्रीसमधल्या कॉरिंथ गावचं नाणं होतं, त्यावर पंखांचा घोडा. हॉलिसचा घोडा आणि सबनीसांचं घुबड यांची चुरस क्लबात जुनी होती, पण ती तोंडीच. घोडा सगळ्यांनी पाहिला होता. घुबड डॉक्टरांनी क्लबात कधी नेलंच नव्हतं. "पुढच्या वेळी आणतो," असं म्हणत त्यांनी वर्षं काढली होती.

मी डॉक्टरांच्या मागे लागले. म्हटलं, "कपाटाच्या मधोमध जागा तुमच्या घुबडाची. हॉलिसचा घोडा बाजूला बांधू."

डॉक्टर आधी नाही म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच दार वाजवलं. ब्लेझर घातलेला, केस ओले करून बसवलेले. म्हणाले, "कुंदा नेहमी म्हणायची, एवढं बोलता तर चार लोकांना दाखवा तरी. तिची लक्ष्मी आहे ती. मधोमध बसली पाहिजे. ठेव तू." मग एकदम खाकरून विचारलं, "हॉलिसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय ना गं अजून?"

मला वाटलं, काय माणूस आहे, मित्राची केवढी काळजी! मी आनंदानं सांगितलं, "झालं की हो! आता मुंगीसुद्धा दिसते म्हणतात." डॉक्टर "वा, छान," म्हणाले आणि ब्लेझरची बटणं लावत घरी गेले.

पुढच्या मंगळवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत हॉलिस भिंग घेऊन बसले. प्रत्येक नाणं तपासून त्याचं छोटं कार्ड करायचं होतं. डॉक्टरांनी रुमालाची घडी उलगडली. हॉलिसनी घुबड उचललं, अर्थातच कडेनं. आधी त्यांना तो छिन्नीचा घाव दिसला आणि चेहरा उजळला. "टेस्ट कट! वंडरफुल. रियल हिस्टरी, धिस." मग त्यांनी भिंग जरा वर नेलं, नाणं उलटलं, पुन्हा उलटलं आणि भिंग खाली ठेवलं.

"ओह डियर," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "ओह डियर, ओह डियर. हूएव्हर डिड धिस?"

हॉलिस खरोखर हळहळत होते. म्हणाले, हे कुणीतरी घासलंय, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं. घुबडाची पिसं गेलीत, देवीचे केस गेलेत. तरीही आपण हे मधोमध ठेवू, पण क्लबचा नियम आहे, बघणाऱ्यांना खरं सांगायला हवं. कार्डावर 'क्लीन्ड, डॅमेज्ड' असं लिहावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, आधीच्या कुणा अडाणी मालकाचं काम असेल.

"आय डिड इट," डॉक्टर म्हणाले. "मायसेल्फ."

डॉक्टरांनी नाणं परत घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि उठले. "माय आउल इज नॉट कमिंग," असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

मी मागोमाग धावले. परतताना बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "डॉक्टर, मी साधं फडकं म्हटलं तर तुम्ही मला पुस्तकं फाडणाऱ्यांत जमा केलंत, आणि स्वतः चक्क घासलंत?" डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. "मतभेद आहेत," एवढंच म्हणाले. मला ते हट्टी वाटले. एका कार्डावरच्या दोन शब्दांपायी एवढ्या दिवसांची हौस सोडून द्यायची? घरी येऊन मी प्रशांतला सांगितलं, की माणसाला आपली चूक चारचौघांत दिसायला नको असते, दुसरं काय.

दोन दिवसांनी ग्लासगोहून मेघनाचा फोन आला. "वर्षामावशी, बाबा एकदम क्वाएट झालाय गं. मी त्याला म्हटलं, इकडे ये, आमच्याकडे राहा, तर नुसता हो-हो करतो. यूज्वली तो आर्ग्यू करतो ना, की घुबडाला ग्लासगोचा थंडी चालणार नाही. त्याचा घुबड एक्झिबिशनमध्ये का नाही गेला?"

मी म्हटलं, बघते.

प्रदर्शन दिवाळीच्या आदल्या आठवड्यात उघडलं. मधोमध हॉलिसचा घोडा. डॉक्टर आले, ब्लेझर घालून. काचेशी वाकून घोडा नीट पाहिला आणि हॉलिसना म्हणाले, "लव्हली टोनिंग." काळाची साय म्हणजेच ते. मग बराच वेळ त्या कपाटासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मी चहा दिला, तो न घेताच निघून गेले. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की ही नुसती हट्टाची गोष्ट नसावी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्या मागच्या दारानं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात नळ चालू होता. डॉक्टर सिंकपाशी उभे होते, बाह्या वर केलेल्या, कमरेला कुंदाताईंचा निळा एप्रन. बाजूला मी पुण्याहून आणलेला टूथ पावडरचा डबा उघडा. आणि डॉक्टर डाव्या तळहातावर घुबड ठेवून उजव्या अंगठ्यानं ते घासत होते. कडेनं नाही, मधोमध, चांगलं दाबून.

"डॉक्टर! अहो, काय करताय हे!" माझ्या हातातल्या ताटातली चकली खाली पडली.

ते दचकले नाहीत. नळ बंद केला. "साय काढतोय," म्हणाले. "बस."

मी बसले. डॉक्टर माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

"ती पहिली दिवाळी. मी ड्यूटीवरून आलो तर पूजेची सगळी तयारी. ताम्हनात हे नाणं, आरशासारखं. मी दारातच उभा राहिलो. कुंदा म्हणाली, 'बघा, केवढी काळी पडली होती बिचारी. दुकानदारानं फसवलं हो तुम्हाला, जुनं नाणं गळ्यात मारलं. पण मी केली की नाही नवी?' आईकडची पद्धत तिच्या. पूजेची चांदी टूथ पावडरनं घासायची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नवी नवरी, परका मुलुख, पहिली दिवाळी. हात असे पांढरे झालेले आणि हसतेय. म्हटलं, आता कशी देवी दिसते!"

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. "पण पुढच्या वर्षी तरी लपवून ठेवायचंत."

"ठेवलं होतं की. पुस्तकांच्या मागे. तिनं घर पालथं घातलं. लक्ष्मी हरवली, लक्ष्मी हरवली म्हणून रडायला लागली. शेवटी मीच सापडल्याचं नाटक केलं आणि वर पावडरचा डबाही काढून दिला."

"आणि त्यांना कधी कळलं नाही? तुम्ही तर गॅसवाल्यालाही कडेनं धरायला लावता!"

"ती म्हणायची, तुमची ट्रेमधली नाणी वेगळी, माझं पूजेचं वेगळं. बरोबरच म्हणायची." डॉक्टरांनी अंगठ्यावरची पावडर झटकली. "हॉलिस चांगला माणूस आहे, चुकीचं काही बोलला नाही. पण वर्षा, कुण्या व्यापाऱ्यानं संशयापोटी छिन्नी मारली, ती रियल हिस्टरी. आणि कुंदानं देवी म्हणून हातानं घासलं, ते डॅमेज? इतकी वर्षं मी तिला कळू दिलं नाही. आता काचेच्या आत छापून लावू?"

बसमध्ये मी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं आणि मी मान खाली घातली.

थोड्या वेळानं विचारलं, "पण आता कशाला घासता? आता ठेवलं तसंच, तर पुन्हा धरेल ना साय?"

"तेच म्हटलं मी. ती गेली त्या दिवाळीला घासलं नाही. म्हटलं, सुटलं एकदाचं बिचारं, आता धरू दे. संध्याकाळी ताम्हनात ठेवलं, दिवा लावला, तर देवीच्या गालावर काळपट झाक. मला बघवेना गं. पूजा अर्धी टाकून उठलो आणि डबा शोधला." त्यांनी नळावर हात ठेवला. "मेघना म्हणते, ग्लासगोला ये. तिथं पूजा करतील सगळे, हौशीनं. पण हे सिंक कुठे आहे तिथे? ती इथं उभी राहायची."

डॉक्टरांनी पुन्हा अंगठा दाबायचा प्रयत्न केला, पण सांधे सुजलेले होते. त्यांनी नाणं माझ्यापुढे धरलं. "तू घास. माझ्यानं घुबडाच्या डोळ्यांतलं निघत नाही."

मी हात धुतले, नाणं घेतलं आणि सवयीनं दोन बोटांत, कडेला धरलं.

"अगं, असं काय धरतेस?" डॉक्टर करवादले. "पडेल ना! तळहातावर घे. अंगठा लाव. जोरात. पावडर घे अजून, घे की."

मी घासलं. ते शेजारी उभे राहून सांगत होते, देवीच्या कानाजवळ, पानांच्या खाली, आता उलट, चंद्रापाशी. अंगठ्याखाली सगळं इतकं गुळगुळीत होतं, की घुबड कुठे संपतं आणि घाव कुठे सुरू होतो तेवढंच कळत होतं. मी धुऊन, पुसून दिलं. डॉक्टरांनी ते खिडकीकडे धरून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मान हलवली.

संध्याकाळी प्रशांत आणि मी पूजेला गेलो. व्हॅक्यूम क्लीनर हळदकुंकू लावून कोपऱ्यात उभा होता, आणि प्रशांत न सांगता त्याच्या पाया पडला. डॉक्टरांनी नाणं ताम्हनात ठेवलं, देवी वर. ते पूर्वी करायचे ते आठवून मी हळूच हात पुढे केला आणि नाणं उलटलं. म्हटलं, आज घुबडालाही उजेड बघू दे.

डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला आणि नाणं पुन्हा पालथं घातलं.

"नको," ते म्हणाले. "तिला घुबड चालत नाही."